फोटोतली माणसे कोण ओळखणार?

उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, कोपर, कोल्ही, चिंचपाडा, वाघिवली, वाघिवलीवाडा, वरचे ओवळे. पनवेल तालुक्यातल्या या दहा गावा-वस्त्यांना विमानतळासाठी जागा सोडावी लागली. उलव्याची टेकडी सुरुंग लावून उतरवली, नदीचा प्रवाह वळवला, खाजणात भराव पडला. माणसे वडघर, करंजाडे, पुष्पकनगरच्या नव्या भूखंडांवर गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन झाले.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी 'ठेवा' हा विषय सुचवला, तेव्हा मनात आलेला पहिला प्रश्न याच गावांचा होता. त्यांचे जुने फोटो कुठे आहेत? सरकारी मोजणीचे नकाशे असतील, भूसंपादनाच्या फायली असतील. पण गावची होळी, मिठागरावरची माणसे, शाळेसमोरचा पार, बांधावर चिखलात उभी राहिलेली तरुण मंडळी हे कोणी टिपले असेल आणि ते आता कोणाकडे असेल? पनवेलमध्ये ज्यांना ज्यांना विचारले, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी एकच जागा सुचवली: कॉलेजची जुनी वार्षिके बघा. त्या सल्ल्यामागे जात राहिलो आणि ग्रंथालयांच्या डिजिटल कामापर्यंत पोहोचलो.

टेक्सासमधले मुंबईकर

आधी दूरचे बघू, कारण दूरचे लगेच सापडते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, डॅलस शहरात सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ आहे. तिथल्या डीगोलियर ग्रंथालयात विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने १८५०च्या दशकापासून पश्चिम भारतात काढलेल्या फोटोंचा संग्रह आहे आणि तो डिजिटल रूपात सर्वांसाठी खुला आहे. याच विद्यापीठाने आपल्या विद्यार्थ्यांची 'रोटंडा' नावाची वार्षिके आणि विद्यार्थ्यांचे वृत्तपत्रही याच पद्धतीने जपले आहे. जॉन्सनची मुंबई आणि डॅलसच्या मुलामुलींचे स्नेहसंमेलन एकाच ग्रंथालयाच्या छताखाली नांदतात, दोन्ही तितक्याच काळजीने.

जॉन्सन हा मुंबईतल्या पहिल्या फळीतला छायाचित्रकार. १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हेही त्या मंडळीत होते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५च्या सुमारास छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे विद्यार्थी त्यातून व्यवसायात आले. मुंबईत कॅमेरा आणि महाविद्यालय यांची गाठ अशी अगदी सुरुवातीलाच पडली. १८५६ ते १८५८ या काळात जॉन्सन आणि विल्यम हेंडरसन यांनी मासिकासारखा एक अल्बम चालवला, त्यात खरे फोटो चिकटवलेले असत. पुढे १८६० च्या दशकात जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींवर दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्याच्या मालिकेत बेने इस्रायली, म्हणजे कोकणातली ज्यू, माणसेही आहेत. पनवेलच्या वाचकाला हा धागा जवळचा वाटेल, कारण पनवेलमधले बेथ एल सिनेगॉग १८४९ चे आहे.

या ग्रंथातले फोटो बघताना एक गोष्ट ठाऊक असावी लागते. जॉन्सनने माणसांचे फोटो बऱ्याचदा स्टुडिओत घेतले आणि ती आकृती कापून दुसऱ्याच एखाद्या दृश्यावर चढवली. मागे दिसणारे देऊळ किंवा रस्ता पाहून 'हे लोक तिथले' असे धरले, तर फसगत होते. डॅलसच्या ग्रंथालयाकडे उत्तम यंत्रे आहेत, नोंदींची शिस्त आहे. पण फोटोतले लुगडे कोणत्या बाजूचे, पागोटे कोणाचे, डोक्यावरची पाटी कशाची, हे त्या मुलुखातला माणूसच खात्रीने सांगू शकतो.

कपाटाच्या तळाशी

आता जवळचे. पनवेलला वाचनाची आणि शिक्षणाची परंपरा जुनी आहे. नगरपालिका १८५२ ची. के. गो. लिमये सार्वजनिक वाचनालय गावाच्या ओळखीचे आहे, तसेच विठोबा खंडाप्पा विद्यालयही. रयत शिक्षण संस्थेचे महात्मा फुले महाविद्यालय १९७०च्या सुमारास आले, नवीन पनवेलचे चांगू काना ठाकूर महाविद्यालय १९९७ मध्ये. १७ मार्च १९७० रोजी नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या पट्ट्यातल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेतल्या जाऊ लागल्या. म्हणजे शेतकऱ्यांची पहिली पिढी कॉलेजात शिरत होती, त्याच वर्षांत त्यांच्या घरी भूसंपादनाच्या नोटिसा येत होत्या. हे दोन्ही एकत्र जिथे उमटले, ते पान म्हणजे कॉलेजचे वार्षिक.

पनवेल परिसरातल्या एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ग्रंथपाल मॅडमनी कपाटाचा खालचा कप्पा उघडला. सुतळीने बांधलेले गठ्ठे, वर धूळ, कडांना कसरीने पाडलेली नक्षी. "सर, या अंकांना दाखल क्रमांकच नाहीत," त्या म्हणाल्या. "विकत घेतलेले पुस्तक दाखल नोंदवहीत चढते. वार्षिक आपण स्वतःच छापतो, म्हणून ते पुस्तक आहे असे कोणाला वाटत नाही." नोंद नाही, म्हणून यादीत नाही. यादीत नाही, म्हणून मागायला कोणी येत नाही. आणि मागणी नसलेला गठ्ठा रंगकामाच्या वेळी सर्वांत आधी बाहेर जातो.

वार्षिक म्हटले की प्राचार्यांचे मनोगत, गुणवंतांची यादी, स्नेहसंमेलनाचे फोटो डोळ्यांसमोर येतात. ते सगळे यातही आहेच. पण पाने उलटत गेले की वेगळे काही हाती लागते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तिच्या हिवाळी शिबिरांचे अहवाल वार्षिकात छापले जातात: कोणत्या गावी मुक्काम, किती घरांची पाहणी, विहिरी किती, पाणी कुठून येते, शाळा कितवीपर्यंत. कोणी मुलगी आजीकडून ऐकलेली लग्नातली धवलगीते लिहून देते. कोणी मुलगा मिठागरावरच्या कामाचा दिवस सांगतो. एखादी कविता जमिनीच्या मोबदल्यावर असते आणि तिच्यात यमकापेक्षा राग जास्त असतो.

१६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासईच्या परिसरात भूसंपादनाविरुद्ध लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व पुढे आले. या लढ्यावर पुढे वृत्तपत्रांनी लिहिले, पुढाऱ्यांनी भाषणे केली. पण त्या काळात अठरा-वीस वर्षांची असलेली इथली मुले काय विचार करत होती, हे शोधायचे तर त्या वर्षांची वार्षिके उघडावी लागतील.

हे फक्त पनवेलपुरते नाही. औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयाच्या वर्तुळातून १९६७ मध्ये 'अस्मिता' हे त्रैमासिक निघाले. ते पुढे गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' झाले आणि दलित साहित्याचा मोठा आधार ठरले. महाविद्यालयाच्या आवारात छापलेल्या कागदाची किंमत त्या दिवशी कोणाला कळत नसते. ती कळेपर्यंत कागद टिकला पाहिजे.

स्कॅनरच्या आधी आणि नंतर

'डिजिटल करणे' म्हणजे फोटो काढून संगणकात टाकणे, अशी समजूत सर्वत्र आहे. प्रत्यक्ष कामात स्कॅनिंग हा सर्वांत छोटा भाग असतो.

सुरुवात झाडण्यापासून होते. मऊ ब्रशने पानापानावरची धूळ काढायची, गंजलेल्या टाचण्या सोडवायच्या, चिकटलेली पाने घाईने ओढायची नाहीत. मग प्रत्येक अंकाला क्रमांक द्यायचा. कोणते वर्ष हाती आहे आणि कोणते नाही, याची यादी करायची. गहाळ वर्षांसाठी माजी प्राध्यापक, माजी विद्यार्थी प्रतिनिधी, छापखाने आणि मुद्रितशोधन केलेले शिक्षक यांच्याकडे फेऱ्या मारायच्या. हे सारे झाल्यावर यंत्र.

छापील पानाला ३०० ते ४०० पीपीआय (इंचामागे पिक्सेल) पुरते, फोटोला ६०० तरी हवे. मूळ प्रतिमा टिफ स्वरूपात ठेवायची. ती जड असते, पण तिच्यातले तपशील गळत नाहीत. वाचकाला दाखवायला हलकी जेपेग किंवा पीडीएफ. बांधणी घट्ट असलेला अंक सपाट स्कॅनरवर दाबला तर पाठीचा कणा मोडतो, म्हणून वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर लागतो. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर झालेले असतात, कारण त्यातला निळा रंग आधी उडतो. त्यांचे रंग सुधारून प्रत करावी, पण जसा आहे तसा फोटोही वेगळा जपावा.

त्यानंतर अक्षरओळख. मराठीत ती आता बऱ्यापैकी होते, टेसरॅक्टसारखी मोफत प्रणालीही मराठी वाचते. अडचण कागदावर असते. खिळे जुळवून छापलेल्या जुन्या अंकात झिजलेला रफार दिसत नाही, मात्रा तुटलेली असते, जोडाक्षराचे दोन तुकडे पडतात. नव्वदच्या दशकानंतरचे अंक संगणकावर जुळवलेले, म्हणून सोपे असतील असे वाटते. पण ते श्रीलिपी, आकृती अशा त्या काळच्या फॉन्टमध्ये आहेत. त्यांच्या फाइलमधला मजकूर उचलून युनिकोडमध्ये चिकटवला, तर अक्षरांच्या जागी चिन्हांचा गोंधळ उमटतो. शेवटी त्याही पानाचे चित्र करूनच ते वाचून घ्यावे लागते. आणि यंत्राने वाचलेले पान माणसाने पुन्हा तपासायचे, ते वेगळेच.

सगळ्याच्या शेवटी ते ठेवायचे कुठे, हा प्रश्न येतो. एमआयटी आणि एचपी यांनी मिळून तयार केलेली डीस्पेस ही प्रणाली २००२ पासून मोफत उपलब्ध आहे आणि भारतातल्या अनेक ग्रंथालयांनी ती वापरली आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुने ग्रंथ आणि अहवाल अशाच पद्धतीने खुले केले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचे 'ग्रंथसंजीवनी' आहे. राज्य मराठी विकास संस्थेने दुर्मिळ मराठी ग्रंथ संगणकावर आणले. या कामांमुळे संशोधकांच्या कितीतरी खेपा वाचल्या. मात्र हे संग्रह ग्रंथांचे, अहवालांचे, नावाजलेल्या नियतकालिकांचे आहेत. एखाद्या तालुक्याच्या कॉलेजचे वार्षिक पुण्या-मुंबईच्या कपाटात आपोआप जात नाही. ते जिथे छापले तिथेच जपावे लागते.

ठाणे, कुलाबा, रायगड

समजा सगळे स्कॅन झाले. आता शोधणाऱ्याला ते सापडेल का?

पनवेलचेच बघा. हा तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. मग कुलाब्यात आला. १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. म्हणून पनवेलचे जुने वर्णन हवे असेल तर १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये शिरावे लागते, आणि 'रायगड' टाकून शोधणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. ब्रिटिश काळातल्या गॅझेटियरांमधले पनवेल घाटाखालचे गजबजलेले बंदर आहे. मुंबईहून नावेने पनवेल आणि तिथून बोरघाटाच्या रस्त्याने पुणे, असा प्रवास रेल्वे येण्यापूर्वी चालायचा. इथले सुतार गाड्यांची चाके बनवण्यात नावाजलेले होते, देशावरून येणारी गाडी परतताना पनवेलच्या चाकांची जोडी घेऊन जाई. अशा कारागिराचा फोटो कुठल्या परदेशी संग्रहात असेल, तर त्याखाली 'बॉम्बे प्रांतातील गाडीवाला' इतकेच लिहिलेले असण्याची शक्यता मोठी आहे.

मराठीतही अडचणी आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये आले. त्याआधीच्या छपाईत 'गांवांत', 'घरें', 'करितां' असे अनुस्वार सर्वत्र आहेत. आजच्या लेखनाने शोधले तर ती पाने हाती लागत नाहीत. गावांच्या नावांचे तर विचारूच नका. रोमन लिपीत एकेका गावाची चार रूपे, देवनागरीत दोन.

यावर उपाय नोंदीचा. प्रत्येक फोटोला, प्रत्येक लेखाला कोणी, कुठे, केव्हा, कशाबद्दल, हक्क कोणाचा, अशी माहिती ठरावीक रकान्यांत भरायची. जगभर यासाठी डब्लिन कोअर ही पंधरा घटकांची पद्धत चालते. 'ठिकाण' या रकान्यात जुना जिल्हा, आजचा जिल्हा, गाव, पाडा, लोक वापरतात ते नाव, सगळे लिहायचे. हे काम संथ आहे आणि ते यंत्र करत नाही. संग्रहाचा खरा प्राण इथे आहे.

बांधावरची उघाडी

एका जुन्या अंकात शिबिराचा कृष्णधवल फोटो होता. खाली ओळ: 'शिबिरार्थी श्रमदान करताना'. गावाचे नाव नाही, वर्ष अंकावरून कळते तेवढेच. गुडघाभर चिखलात दहा-बारा मुले, मागे पाणी, एका कोपऱ्यात लाकडी चौकट.

हा फोटो लॅपटॉपवर घेऊन खाडीकाठच्या गावातून पुनर्वसित झालेल्या एका निवृत्त शिक्षकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला आणि माणसांकडे न बघता आधी त्या चौकटीवर बोट ठेवले. "ही उघाडी आहे. भरतीला बंद, ओहोटीला उघडी. हिच्यामुळे खारे पाणी शेतात शिरत नाही." मग बांधाच्या वळणावरून त्यांनी जागा सांगितली, बांध कोणत्या पावसाळ्यात फुटला होता ते सांगितले, दुरुस्तीला गावकी कशी बसायची ते सांगितले. शेजारच्या खोलीतून त्यांच्या वहिनी आल्या. त्यांनी दोन मुलांना नावानिशी ओळखले आणि टोपल्या कोणाच्या घरच्या हेही सांगितले. तिसऱ्या मुलावर दोघांचे एकमत होईना, म्हणून एका पुतण्याला फोन लावला गेला.

अर्ध्या-पाऊण तासात त्या एका ओळीच्या फोटोखाली पानभर माहिती जमली: खारभूमीची शेती, बांध राखण्याची सामाईक पद्धत, गावाची वस्ती, नातीगोती. यातले एक अक्षरही फोटोवर छापलेले नव्हते. ते दोन वयस्क माणसांच्या आठवणीत होते. बांध आता नाही, उघाडी नाही. पुढच्या काही वर्षांत ओळखणारेही राहणार नाहीत आणि मग तो फोटो कितीही मोठ्या ग्रंथालयात, कितीही सूक्ष्म प्रतीत जपला तरी 'काही तरुण चिखलात' एवढाच उरेल.

हक्क आणि मर्यादा

जे सापडेल ते सगळे जगापुढे ठेवावे का? कायदा आणि माणुसकी दोन्ही इथे थांबून विचार करायला लावतात.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखनाचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. छायाचित्रांसाठी पूर्वी प्रसिद्धीपासून ६० वर्षे असा वेगळा हिशेब होता. २०१२ च्या दुरुस्तीने ते कलम गेले आणि छायाचित्रेही लेखनाच्या पंगतीत आली. म्हणजे वार्षिकात कविता लिहिणारी विद्यार्थिनी आज साठीत असेल, तर त्या कवितेवर तिचा हक्क आहे. पण त्याच दुरुस्तीने एक सोयही केली: ना-नफा सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची छापील प्रत असेल, तर जतनासाठी तिची डिजिटल प्रत ठेवता येते. जपणे आणि प्रसिद्ध करणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिलीला थांबण्याचे कारण नाही, दुसरीसाठी परवानगीचे पत्र मिळवावे.

माणुसकीचा भाग याहून नाजूक आहे. जुन्या अंकांत विद्यार्थ्यांचे पत्ते छापलेले असतात, गुण असतात, आडनावांवरून जात वाचली जाते. नाटकातल्या भूमिकेचा फोटो त्या मुलीला आज सर्वांपुढे नको असेल. म्हणून पत्ते झाकावेत, आणि कोणी 'माझा फोटो काढा' म्हटले तर कारण न विचारता काढण्याची सोय ठेवावी. विश्वास बसला की लोक घरचे अल्बम स्वतःहून आणतात.

नव्या शतकातली रिकामी पाने

जुना कागद धोक्यात आहे हे सहज पटते. नव्याचे काय? ग्रंथपालांशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली. १९८० चे फोटो सापडतात, २००५ चे सापडत नाहीत. त्या सुमारास रोल संपले आणि डिजिटल कॅमेरे आले. फोटो सीडीवर गेले, सीडी कार्यालयाच्या खणात गेली, आणि आज ती उघडत नाही. संगणक बदलताना हार्ड डिस्क भंगारात गेली. त्यानंतरचे सगळे कोणाच्या तरी मोबाइलवर राहिले.

कोकणात कागदाचे शत्रू पाऊस आणि वाळवी. २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे, १८६४ पासूनच्या संस्थेचे, पुष्कळ ग्रंथ भिजले. अशा प्रसंगी दुसरीकडे ठेवलेली डिजिटल प्रतच आधार ठरते. पण डिजिटल प्रतीलाही राखण लागते. जाणकार सांगतात तो नियम साधा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावात. शिवाय दर वर्षी फाइली उघडून बघायच्या, नाहीतर त्या केव्हा बिघडल्या ते कळतही नाही. एकदा प्रकल्प करून, फीत कापून सोडून दिलेला संग्रह काही वर्षांत सर्व्हरसकट नाहीसा होतो. या कामाला उद्घाटनापेक्षा दरमहा थोडा वेळ देणारा माणूस हवा.

यंदापासून काय करता येईल

हे काम पनवेलच्या आवाक्यातले आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रीय प्रकल्पासाठी श्रेयांक मिळतात. एका वर्गाने एका वर्षाचा अंक घ्यावा. मराठी विभागाने मुद्रिते तपासावीत, इतिहास विभागाने नोंदी कराव्यात, संगणक विभागाने प्रणाली सांभाळावी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी छापील फोटो घेऊन गावोगाव जावे आणि म्हाताऱ्या माणसांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. माजी विद्यार्थी मेळाव्यात भाषणांचा वेळ थोडा कमी करून भिंतीवर निनावी फोटो लावावेत आणि खाली पेन्सिल ठेवावी. वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी आपापल्या प्रतींची यादी एकमेकांना द्यावी, म्हणजे एकाकडे नसलेले वर्ष दुसऱ्याकडून मिळेल. आणि आजच्या आज, एका पैशाच्याही खर्चाशिवाय, वार्षिकांना दाखल क्रमांक द्यावेत.

क्रम मात्र नीट लावावा लागेल. आपण आधी यंत्र विकत घेतो, मग स्कॅन करतो आणि ओळख पटवण्याचे काम 'पुढे बघू' म्हणून ठेवतो. स्कॅनर पाच वर्षांनी आणखी स्वस्त मिळेल, अक्षरओळख आणखी अचूक होईल, साठवण तर वाढतेच आहे. जे पाच वर्षांनी मिळणार नाही ते म्हणजे उघाडी ओळखणारे शिक्षक आणि टोपल्या ओळखणाऱ्या त्यांच्या वहिनी. म्हणून आधी त्यांच्याकडे जायचे, मोबाइलवर काढलेला साधा फोटो घेऊन गेले तरी चालेल. डॅलसच्या विद्यापीठाने दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आपले पूर्वज जपून ठेवले, याबद्दल कृतज्ञता आहेच. त्या पूर्वजांची नावे आता कोणी सांगू शकत नाही. १९७० ते २००० मधल्या पनवेलकरांची नावे सांगणारे अजून आहेत, आणि ते कॉलेजपासून रिक्षाच्या अंतरावर राहतात.